रेखाटने : चारुता टिपणीस

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरांनी आशालताला बाहेरच्या खोलीत थोडा वेळ बसायला सांगितलं. कापूस घट्ट दाबून धरायचा आणि बोलायचं नाही. ती बसली. डावा गाल, अर्धी जीभ, हनुवटीचं टोक, एवढा भाग कुणीतरी अलगद काढून नेल्यासारखा वाटत होता. तिनं गाल चाचपून पाहिला. बोटाला गाल लागला, गालाला बोट लागलं नाही. दुखत नव्हतं, पण हे असं आपलंच तोंड परक्यासारखं हाताला लागणं तिला नको वाटलं. हात कशात तरी गुंतवावा म्हणून तिनं समोरच्या टीपॉयवरचा एक दिवाळी अंक उचलला. दिवाळी होऊन गेली होती, अंकाचे कोपरे दुमडून मऊ पडले होते. वाचायचं नव्हतंच. साड्यांच्या जाहिराती, राशिभविष्य, कुणाची तरी मुलाखत, आणि मग एक कथा. कथेच्या वरच्या अर्ध्या पानावर पाठमोरी बसून भांडी घासणारी एक बाई. जाड ब्रशनं, दोन-चार फटकाऱ्यांत काढलेली. तोंड दिसतच नव्हतं. दिसत होती पाठ आणि लुगड्याखालून बाहेर आलेल्या भेगाळ टाचा, आणि त्या टाचांवरून कळत होतं की बाई थकलेली आहे, पण रडणारी नाही. आशालता त्या टाचांकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली बारीक टायपातल्या ओळीवर गेली. रेखाटने : चारुता टिपणीस.

हे मी कधी काढलं? पहिला विचार हाच आला, अगदी सरळ, काही विचित्र वाटलं नाही. जुनी चित्रं पुन्हा छापली असतील. मग वाटलं, छे, ब्रशनं मी कधी काढलंच नाही, माझा टाक असायचा. आणि मी अशी पाठमोरी बाई काढली नसती, मी तोंड काढलं असतं, मोठे डोळे, मानेवर सुटलेली बट. तिनं पान उलटलं. आणखी एक चित्र, पुन्हा तेच नाव. काउंटरवरची संजना, रोज गोळ्यांची नावं समजावून सांगणारी मुलगी, उठून जवळ आली. "काकू, चक्कर येतेय का? घाम आलाय तुम्हाला." आशालतानं ओळीवर बोट ठेवलं आणि सांगायचा प्रयत्न केला, हे माझं नाव आहे. तोंडातून नुसता 'आआं आव' असा ओला आवाज निघाला. "बोलू नका काकू, कापूस निघेल," संजना म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बरं झालं, आशालताला वाटलं. बोलता आलं असतं तर काय सांगणार होते? हे माझं नाव आहे? केसपेपरवर तर सरळ लिहिलंय, सौ. आशालता कमलाकर चौबळ. खुणेनंच तिनं विचारलं, अंक घरी नेऊ का. संजना म्हणाली, न्या की, कोण वाचतंय ते.

घरी येताना तिनं अंक पिशवीत न घालता छातीशी धरला होता. थंडीचे दिवस होते, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटत होतं, सेक्टरातले रस्ते सिडकोनं आखले तसे सरळ आणि रिकामे पडले होते. दादरहून इथं नव्या पनवेलला राहायला आले तेव्हा या रिकामेपणानं तिचा जीव घाबरा व्हायचा. आता सवय झाली होती. कमलाकर बेलापूरच्या कचेरीत जायचा, विश्वजीत पुण्याला होस्टेलवर, आणि दिवस मोठा असायचा. मोठा दिवस तिनं कधी चित्रानं भरायचा प्रयत्न केला नव्हता. का नाही? कुणी नको म्हटलं होतं का? हा प्रश्न ती स्वतःला पूर्वीही विचारत असे, फोडणी देताना, कपडे वाळत घालताना, आणि दर वेळी उत्तर तेच यायचं. कुणी नको म्हटलं नव्हतं. सासूबाई बऱ्या होत्या. लग्नाच्या आधी बोलणी चालली असताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या की घरात एक चारू आहे, थोरल्याची बायको चारुशीला, तेव्हा दोन चारू नकोत, हाका मारताना घोटाळा होईल. बस्स. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, तिच्या वडिलांना नाही, तिलाही नाही. तांदूळ पसरलेल्या ताटात कमलाकरनं अंगठीनं नाव लिहिलं तेव्हा सगळे वाकून बघत होते आणि ती मुंडावळ्यांच्या आडून बघत होती. 'आ'चा काना त्यानं जरा लांब ओढला, तांदळाचे दाणे दोन्ही बाजूंना सरकले, ताटाचं पितळ चमकलं. अक्षर चांगलं आहे, एवढंच तिच्या मनात आलं होतं. नंतर कुणीतरी ताट हलवलं आणि तांदूळ डब्यात गेले.

लग्नाआधीची दोन-तीन वर्षं मात्र चारुता टिपणीस हे नाव मासिकांत दिसायचं. आर्ट स्कूलमध्ये असतानाच एका संपादकांनी तिला कथाचित्रं दिली होती. टाकाची बारीक, लवचीक रेघ, शाई सुकेपर्यंत श्वास धरून बसणं, मग पोस्टानं आलेल्या अंकात ते चित्र छपाईचा ब्लॉक होऊन जरा जाडसर झालेलं बघणं. वडील अंक शेजारी नेऊन दाखवायचे. तिला एक गोष्ट जमायची नाही, ती म्हणजे हात. बोटांचं गणित चुकायचं, म्हणून तिच्या सगळ्या नायिकांचे हात पदराखाली किंवा पाठीमागे असायचे, आणि त्यामुळे त्या जरा लाजऱ्या वाटायच्या, आणि लोकांना वाटायचं चारुता टिपणीसच्या बायकांत काय शालीनता असते. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्याआधी तिनं एक चित्र काढलं होतं. कुणी मागितलेलं नव्हतं, उगीच. चांगलं झालं होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात टाक टेकवला आणि तो तिथंच राहिला. चारुता टिपणीस म्हणावं तर अशी कुणी या घरात राहत नव्हती. आशालता चौबळ म्हणावं तर त्या बाईनं जन्मात कधी चित्र काढलेलं नव्हतं. टाकाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका पसरत गेला. ती बघत राहिली. मग कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली, आणि ते चित्र कपाटात साड्यांच्या खाली कागद म्हणून गेलं. त्यानंतर विश्वजीत, सासूबाईंचं आजारपण, बदली, घर बदलणं. तसं दुःखही झालं नाही. दात काढल्यावर जशी जीभ पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते तसं अधूनमधून मन तिकडं जायचं, एवढंच.

भूल उतरली तशी दुखायला लागलं, आणि दुखण्याबरोबर रागही आला. संध्याकाळी तिनं चित्रं उजेडात धरून पुन्हा पाहिली. चांगली होती. वाईट असती तर बरं झालं असतं, असं वाटलं आणि त्या वाटण्याची लाज वाटली. ही कोण? माझं नाव घेऊन बसलेली ही बाई कोण? आणि माझं म्हणजे तरी काय, मी टाकून दिलेलं, वीसेक वर्षं कुणी न वापरलेलं. कमलाकर जेवताना म्हणाला, "फार दुखतंय का गं? भात मऊ करून खा." ती हो म्हणाली. त्याला अंक दाखवला नाही. दाखवून काय सांगायचं तेच तिला ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात ती बाजारात गेली तेव्हा एसटीडी बूथ रिकामा दिसला. अंकात मासिकाचा फोन नंबर होता, तो तिला पाठ झाला होता हे आत शिरल्यावर तिच्या लक्षात आलं. काचेची दारं, आत उबट हवा, रिसीव्हरला कुणाच्या तरी पावडरचा वास. पलीकडून एका तरुण पुरुषाचा आवाज आला. "मी चारुता टिपणीस बोलतेय," ती म्हणाली.

"अहो मॅडम! बरं झालं फोन केलात," तो आवाज एकदम मोकळा झाला. "जानेवारीच्या कथेची चित्रं राहिलीयत. तुमच्या मिस्टरांनी कळवलं, तुम्ही बाळंतपणाला माहेरी सुकापूरला गेलात म्हणून. तब्येत कशी आहे? तीनच चित्रं हवीत. जमेल ना?"

बूथच्या काचेबाहेर एक माणूस फोनसाठी थांबला होता आणि तिच्याकडे बघत होता. एक क्षण, फार छोटा, तिला हो म्हणावंसं वाटलं. "मी त्या नव्हे," ती शेवटी म्हणाली. "मी दुसरी."

"दुसरी म्हणजे?"

"माझंही नाव तेच आहे. म्हणजे, होतं."

"असं होय," तो म्हणाला. गोंधळला होता, पण बोलण्यात सभ्यपणा होता. "मग आमच्याकडे काय काम होतं?"

"काही नाही. चित्रं चांगली आहेत," एवढं म्हणून तिनं रिसीव्हर ठेवला. बाहेर आल्यावर मोकळी हवा लागली, आणि मग लक्षात आलं. सुकापूर. सुकापूर म्हणजे हे पलीकडचं गाव. तिच्या गच्चीवरून दिसणारी झाडं आणि अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती. ती बाई इतके दिवस इथं होती.

जायचं की नाही हे ठरवायला तिनं दोन दिवस घालवले, आणि तिसऱ्या दिवशी काहीच न ठरवता साडी बदलून निघाली. जाऊन सांगायचं तरी काय, नाव परत दे? की तू कोण आहेस ते एकदा बघू दे? नवीन इमारतींचे खांब संपले की एकदम भाताची कापलेली शेतं सुरू होत होती, आणि मध्येच जुनी कौलारू घरं, अंगणात सारवलेली. एका टपरीवर तिनं विचारलं, टिपणीसांकडं कुठं जायचं. कुणाला ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, चित्रं काढणारी मुलगी, बाळंतपणाला आलेली. "दिपा?" टपरीवाला म्हणाला. "गंगाबायची दिपा? ते समोर, निळा दरवाजा."

ओट्यावर एक रुंद हाडाची बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण. तिनं आशालताला खालवर पाहिलं आणि हसली. "कोन गो बाय? कोन पायजे?"

"दिपा इथंच राहते का? मला भेटायचंय तिला."

"हाय ना. पडलेय आतमंदी. पाय सुजल्यान तिचं, दागतरनी उठू नको सांगितलाय. तुजा नाव काय?"

आशालतानं नाव सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही नावं एकदम ओठांवर आली. "चारुता," ती म्हणाली.

गंगाबाई शेंग हातात धरूनच मोठ्यांदा हसली. "घे! माजे पोरीचा बी सासरचा नाव त्योच हाय. आमाना सवय नाय, आमी दिपाच बोलतू. ये, आत ये. ओ दिपा! तुजी नाववाली आली बघ."

आत खाटेवर डाव्या कुशीवर एक मुलगी पडली होती. पंचविशीची असेल. गोल, सावळा चेहरा, पोट एवढं मोठं की बाकी सगळी त्याच्यामागे लपल्यासारखी. खाटेच्या पायाशी ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला. आशालतानं येण्याचं कारण सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. दाढ, दवाखाना, अंक, फोन. बोलताना तिला ते सगळं वेडगळ वाटायला लागलं. चित्रं आवडली म्हणून आले, असं म्हणून तिनं शेवट केला. दिपा कोपरावर भार देऊन अर्धी उठून बसली होती. "माहेरचं नाव टिपणीस तुमचं? चारुता टिपणीस? मासिकात चित्रं काढायचात? टाकानं?"

"तुला कसं ठाऊक?"

"अहो, माझं नाव तुमचंच आहे." दिपाच्या डोळ्यांत पाणीही आलं आणि हसूही. "आमचं लग्न दोघांच्या मर्जीचं. यांच्या घरी आधी पसंत नव्हतं, मी आगरी ना. मग सासूबाई तयार झाल्या. म्हणाल्या, पोरगी चित्रं काढते, आमच्या टिपणीसांच्या भावकीत पण एक होती चित्रं काढणारी, चारुता म्हणून, मासिकांत नाव यायचं तिचं. हिचं नाव चारुता ठेवू. मला त्यांनी तुमचं एक कात्रण पण दाखवलं. झोपाळ्यावर बसलेली बाई आहे. हात पदरात."

"होती, म्हणाल्या?"

"हो." दिपा जरा ओशाळली. "म्हणाल्या, लग्न झालं आणि मग काय झालं कोण जाणे. मला वाटायचं तुम्ही गेलात."

आशालता हसायला लागली. हसताना दाढेच्या खड्ड्यात कळ आली तरी तिला थांबता येईना. गंगाबाई दारातून डोकावली, कशाला हसतायत म्हणून, आणि आपणही हसली. कुठली कोण लांबची वहिनी, आपण जिला पाहिलेलंही आठवत नाही, तिनं आपलं एक कात्रण इतकी वर्षं जपून ठेवावं. घरात ज्या नावानं घोटाळा होईल म्हणून ते काढून ठेवलं, ते भलत्याच घरात एका मुलीला आत घेण्यासाठी उपयोगी पडावं. आठवडाभर तिनं ज्या रागाला धरून ठेवलं होतं तो राग कुठं ठेवला ते तिला आता सापडेना. "आणि तुला आवडतं का ते नाव?" तिनं विचारलं.

दिपानं विचार केला. "पहिल्यांदा नाही आवडलं. कुणी हाक मारली की मी मागं बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. मग पहिलं चित्र छापून आलं, खाली ते नाव होतं. म्हटलं, चला, हिनं काढलंय." मग ती उशीखाली चाचपडू लागली. तिनं टाइप केलेले कागद काढले. "ताई, तुम्हीच काढा ना ही चित्रं. जानेवारीची कथा आहे. मला बसवत नाही, आणि आडवं पडून रेघ येत नाही. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलंय. नाव तर तेच आहे, कुणाला कळणार?"

"मी वीस वर्षांत पेन्सिल हातात धरली नाही गं."

"मग आता धरा," दिपा साधेपणानं म्हणाली आणि तिनं कागद आशालताच्या हातात ठेवले.

कथा एका सेवानिवृत्त माणसाची होती. बायको गेल्यावर पहिल्यांदा तो आपल्या सदऱ्याला स्वतः बटण लावतो, एवढीच. आशालतानं ती दुपारी चटईवर बसून दोनदा वाचली. जुन्या पनवेलच्या दुकानातून ड्रॉइंग बोर्ड, कागद, शाई आणि टाक आणला. टाक बोटांत धरल्यावर हात आपणहून वळला, आणि तिला वाटलं, आहे, अजून आहे. पण कागदावर जे उतरलं ते बघून तिला भीतीच वाटली. वळणदार रेघा, ओलसर मोठे डोळे, खिडकीशी बसलेला एक नाटकी म्हातारा, आणि हात सदऱ्याच्या घडीत लपवलेले. वीस वर्षांपूर्वीची मुलगी तशीच्या तशी टाकाच्या टोकाशी बसून होती, जराही मोठी न झालेली. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. तेच. चार दिवस ती काढत होती आणि फाडत होती, आणि कमलाकर घरी यायच्या आत शाईचे डाग घासून काढत होती. हेच का ते, तिला वाटलं, जे हरवलं म्हणून मी आत खड्डा जपत आले? एवढंसंच होतं? त्या संध्याकाळी तिचा जीव इतका खाली गेला की भाजीला मीठ घालायचं राहिलं. कमलाकरनं गुपचूप मीठ वाढून घेतलं.

रविवारी सकाळी मात्र तिनं बोर्ड लपवला नाही. कमलाकर पेपर वाचत बाल्कनीत बसला होता. ती सुई, दोरा आणि त्याचाच एक शर्ट घेऊन गेली. "एक काम कर. याला बटण लाव."

"मी?"

"हो. मला बघायचंय."

त्यानं बोर्डाकडे पाहिलं, टाकाकडे पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईच्या नाकाशी झटू लागला. दोरा चुकत होता. तो जीभ दातांत धरून पुन्हा पुन्हा लावत होता, आणि आशालता त्याच्या हातांकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिनं ते हात पाहिले नव्हते असं कसं म्हणावं. या हातांनी ताटात नाव लिहिलं होतं, विश्वजीतला अंघोळ घातली होती, सासूबाईंना शेवटी उचलून बसवलं होतं. पण बोटांची पेरं अशी जाड झालीत, अंगठ्याचं नख असं उभं चिरलंय, दुसरं बोट जरा वाकडं होऊन पहिल्याला टेकतं, हे तिनं पाहिलं नव्हतं. टाक नको वाटला. तिनं विश्वजीतचा शाळेतला जुना ब्रश शाईत बुडवला आणि सरळ हातच काढायला घेतले, तोंड नाही, खिडकी नाही. रेघ वळणदार आली नाही. ती अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत गेली, आणि जिथं थांबली तिथं पेर झालं.

"तू चित्रं काढायचीस, हे मी विसरूनच गेलो होतो," कमलाकर मान वर न करता म्हणाला.

"मीसुद्धा." ती थोडा वेळ काढत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव आशालता कुणी ठरवलं होतं रे?"

"आईनं चार सांगितली होती. त्यातलं हे मी निवडलं. का गं?"

"तुला आवडलं होतं?"

"मला अजून आवडतं," तो म्हणाला, आणि तेवढ्यात दोरा सुईत गेला. त्याला इतका आनंद झाला की हात हलले. "हलू नकोस," आशालता ओरडली. त्या ओरडण्यात जो हक्क होता तो ऐकून दोघंही जरा चमकले.

तीन चित्रं झाली. तिसऱ्यात नुसता शर्ट होता, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, बटण वाकडं लागलेलं. ती घेऊन सुकापूरला गेली तेव्हा दिपा ओट्यावर उशांना टेकून बसली होती, चेहरा आणखी गोल झालेला. तिनं चित्रं मांडीवर घेतली, म्हणजे मांडी उरली नव्हतीच, पोटावरच टेकवली. एकेक उचलून पाहिलं, मग पुन्हा पहिलं वर घेतलं. आशालतानं विचारलं, "चांगली नाहीत का?"

"ताई, ही माझी म्हणून खपणार नाहीत," दिपा म्हणाली. "मला असे हात येत नाहीत. आणि त्या कात्रणातल्या चारुताची पण नाहीत ही. तिनं लपवले असते." मग तिनं उशीखालून पेन काढून पुढं केलं. "मासिकवाल्यांना मी फोन करायला सांगते घरच्यांना, दुसऱ्यांनी काढली म्हणून. तुम्ही खाली नाव घाला."

आशालतानं पहिलं चित्र गुडघ्यावर घेतलं. कोपऱ्यात जागा होती. दिपाकडे न बघता तिनं त्या दोन जाड पेरांकडे पाहिलं, थांबत थांबत गेलेल्या रेघेकडे पाहिलं. हे त्या वीस वर्षांपूर्वीच्या मुलीला कधीच आलं नसतं. हे काढायला कुणाचं तरी आजारपण लागलं, एवढ्या वर्षांचा स्वयंपाक लागला, मोठे रिकामे दिवस लागले, आणि ते सगळं एका बाईनं केलं होतं जिला आपण चित्र न काढणारी म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. तिनं लिहिलं, आशालता. आडनाव लिहावं का, असा विचार केला आणि तेवढ्यावरच थांबली. दुसऱ्यावर लिहिलं. तिसऱ्यावर लिहिताना हात सराईत झाला होता.

"म्हणजे आता चारुता टिपणीस मी एकटीच," दिपा म्हणाली. तिच्या आवाजात थोडी भीती होती.

"एकटीच. नीट सांभाळ. आणि तुला दिपा लिहावंसं वाटलं तर दिपा लिही. मला विचारायला येऊ नकोस."

"बघते," दिपा म्हणाली. "आधी ही बया बाहेर येऊ दे." तिनं पोटावर हात ठेवला आणि हसली.

गंगाबाई शेंगांचं सूप घेऊन बाहेर आली आणि चित्रांवर वाकली. हात बघून तिनं तोंडात बोट घातलं. "या कुनाचं हात?"

"माझ्या मिस्टरांचे."

"असं हुबेहूब. म्हातारा झालाय तुजा नवरा." मग पदर नीट करून ती समोरच्या भिंतीला टेकून ताठ बसली, फोटोला बसतात तशी, हनुवटी वर, श्वास रोखून. "माजा बी एक काड ना गो."

"तशा नका बसू. तुमचं काम करा. मी काढते."

"कामाचा काय बघाचा त्यात?" म्हणत गंगाबाईनं शेंगा पुढं ओढल्या आणि सोलायला लागली. अंगठा शेंगेच्या शिवणीवर दाबायचा, कट्ट होऊन ती उघडायची, दाणे सुपात पडायचे. आशालतानं दिपाचा बोर्ड मांडीवर घेतला, नवा कागद लावला. दिपा मान लांब करून बघायला लागली. पहिली रेघ चुकली. तिनं ती तशीच ठेवली आणि शेजारून दुसरी घेतली. ऊन ओट्यावरून सरकत गंगाबाईच्या पायांपर्यंत आलं होतं. कुठंतरी इमारतीच्या कामावर सळया आपटल्याचा आवाज होत होता.

"झाला का?" गंगाबाईनं मान न हलवता विचारलं.

"नाही. आत्ता कुठं सुरू केलंय."

"मंग चालू दे," गंगाबाई म्हणाली आणि तिनं दुसरी शेंग उचलली. "मना काय घाई नाय."